जुना २३ चॅनेलचा सीबी रेडिओ: आठ महिने वापरल्यावर, आणि आवाज का जात नाही याचा शोध

दिवाळीनंतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो, तिथून दोन जुने सीबी रेडिओ आणले; सीबी म्हणजे सिटिझन बँड, सामान्य माणसांनी आपापसात बोलायला ठेवलेला रेडिओचा पट्टा. दोन्ही जपानी बनावटीचे, २३ चॅनेलचे. अमेरिकेत १ जानेवारी १९७७ पासून सीबीचे ४० चॅनेल झाले, हे त्याच्या आधीचे. एक चोपड्याला घरी बसवला, दुसरा लासूरच्या बाजूला मळ्यात. आमच्या मळ्यात केळीत शिरलं की मोबाईलची रेंज जाते. कटाईच्या दिवशी गाडी कुठवर आली, किती घड उतरले, मोटार चालू आहे का बंद, एवढं विचारायला दर वेळी कोणीतरी बांधावर यायचं. आता मळ्यातल्या खोलीत चुलतभाऊ आणि घरी मी, बटन दाबून बोलतो. हवाई अंतर साताठ किलोमीटर, मध्ये सपाट काळी जमीन. रोज सकाळ-संध्याकाळ वापर आहे.

२३ चॅनेलचाच सेट घ्यायला कारण होतं. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ५ वॅटच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. या सेटचा पहिला चॅनेल २६.९६५ वर आणि शेवटचा २७.२५५ वर, म्हणजे सगळा सेट पट्ट्याच्या आत. ४० चॅनेलचा घेतलात तर २७ व्या चॅनेलच्या पुढे जाऊ नका, २८ वा २७.२८५ वर आहे आणि तो बाहेर पडतो. अँटेनासकट बाकीच्या अटीही घेण्याआधी वाचून काढा.

ऐकण्याच्या बाबतीत दोन्ही सेटनी आठ महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही. जो काही त्रास झाला तो सगळा बोलण्याचा. त्याबद्दलच सविस्तर लिहितो, कारण असे सेट घेणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी होणार आहे, आणि दुरुस्तीवाले बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

पहिला बिघाड तिसऱ्या आठवड्यात, घरच्या सेटमध्ये. चुलतभावाचं मला खणखणीत ऐकू यायचं, त्याला माझं काहीच नाही. सेट घेऊन जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. त्यांनी ऐकलं, आणि पॉवर ट्रान्झिस्टर गेला म्हणून बदलून टाकला. शिवाय पॉवर वाढवून देतो म्हणत आतल्या कॉइलचे गाभे (जुळणी करायला फिरवायचे तुकडे) फिरवले. त्यातला एक गाभा तडकला. पैसे घेतले, सेट परत दिला, आणि तक्रार होती तशीच राहिली. त्या तडकलेल्या गाभ्याचं मला आजही वाईट वाटतं. इतकी वर्षं ज्याला कोणी हात लावला नव्हता अशी ती वस्तू होती.

खरं निदान चुलतभावाने केलं, तेही एका वाक्यात. मी फोनवर त्याला विचारलं, मी बटन दाबल्यावर तुझ्याकडे नेमकं काय होतं? तो म्हणाला, "भाऊ, तू बटन दाबस नं, तव्हय खरखर बंद व्हस. पन तुनं बोलनं काहीच ऐकू येत नही."

खरखर बंद होते, यातच सगळं आलं. हे सेट एएमचे, म्हणजे लहरीच्या जोराच्या चढउतारातून आवाज नेणारे; अशा रेडिओत समोरून काही येत नसेल तर खरखर चालू असते. समोरच्याचा कॅरियर, म्हणजे ज्यावर बसून आवाज जातो ती मूळ रेडिओ लहर, आला की खरखर दबते. म्हणजे माझा कॅरियर मळ्यापर्यंत व्यवस्थित पोचत होता. पॉवर ट्रान्झिस्टर, अँटेना, केबल सगळं ठीक. फक्त कॅरियरवर आवाज चढत नव्हता. आता या जुन्या सेटची रचना अशी असते की स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायरच बोलताना कॅरियरवर आवाज चढवतो. स्पीकर चांगला वाजतोय म्हटल्यावर तोही भाग ठीक. बटन दाबल्यावर रिले (सेटला ऐकण्यावरून बोलण्यावर नेणारा आतला स्विच) टक् करून वाजत होता, म्हणजे बटनाची तारही शाबूत. उरला माइक, त्याची केबल, आणि आतला माइकचा छोटा प्री-ॲम्प, म्हणजे माइकचा बारीक आवाज आधी थोडा वाढवणारा भाग.

माइक उघडून मल्टिमीटर कंटिन्युटीला लावला. एक काडी प्लगच्या पिनला, दुसरी माइकच्या आतल्या आवाजाच्या तारेला. बीप नाही. केबल माइकच्या मानेपाशी जिथे आत शिरते, तिथे चिमटीत धरून जरा वाकवली तर बीप आला, सोडली की गेला. तिथलं रबर वाळून कडक झालं होतं आणि आतली तार वाकून वाकून तुटली होती. मानेपासून चार बोटं केबल कापली, उरलेल्या टोकाच्या तारा सोलल्या आणि परत सोल्डर केल्या. कापण्याआधी कोणत्या रंगाची तार कुठे आहे ते कागदावर काढून ठेवा. माइकच्या तारांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, चुकलं तर बटन न दाबताच सेट ट्रान्समिटमध्ये जाऊन बसतो. खर्च शून्य. त्यानंतर केबल आजपर्यंत तुटलेली नाही.

म्हणून माझं सांगणं आहे, बोलणं जात नसेल तर पहिला प्रश्न समोरच्याला विचारा: खरखर दबते का? दबत असेल तर आवाजाच्या बाजूला शोधा, दबत नसेल तर कॅरियरच्या बाजूला. आणि सेटवर 'पीए' असं बटन असतं तेही बघून घ्या. ते दाबलेलं असेल तर रेडिओ भोंग्याचा ॲम्प्लिफायर होतो आणि हवेत काहीच जात नाही.

फेब्रुवारीत मळ्यातल्या सेटचा रिले कधी लागायचा, कधी नाही. टक् असा आवाज यायचा, पण वॅटमीटरचा काटा थरथरून खाली बसायचा. रिलेच्या पॉइंटवर काजळी होती. साध्या कागदाची पट्टी काँटॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून पॉइंटमध्ये धरली, रिले बोटाने हलकेच दाबला आणि पट्टी ओढून घेतली. तीन-चार वेळा केल्यावर पट्टी स्वच्छ निघाली. पॉलिश पेपर अजिबात घासू नका, पॉइंटवरचा चांदीचा थर निघून जातो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मार्चमधल्या बिघाडाने. घरच्या सेटवर आम्ही ११ नंबर चॅनेल वापरायचो, एके दिवशी त्यावर बोलणं जायचं बंद झालं. ऐकू येत होतं. १२ वर गेलो तर बोलणंही सुरळीत. मग वहीत लिहीत एकेक चॅनेल तपासला. ३, ७, ११, १५, १९ यांवर बोलणं बंद. बाकी सगळे चालू, २३ सुद्धा.

दर चौथा चॅनेल जातो, मग २३ कसा वाचला? उत्तर क्रिस्टलच्या, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी देणाऱ्या सुट्या भागांच्या, हिशोबात आहे. या सेटमध्ये २३ चॅनेलसाठी २३ जोड्या नसतात. सहा मोठी क्रिस्टल असतात, ३७.६०० पासून ३७.८५० मेगाहर्ट्झपर्यंत ५० किलोहर्ट्झच्या अंतराने. बोलण्यासाठी चार लहान असतात, १०.६३५, १०.६२५, १०.६१५ आणि १०.५९५. मोठ्यातून लहान वजा केलं की चॅनेल मिळतो. ३७.६०० वजा १०.६३५ म्हणजे २६.९६५, पहिला चॅनेल. ऐकण्यासाठी वेगळी चार असतात. अशी चौदा क्रिस्टल मिळून सगळा संसार चालतो. ३, ७, ११, १५, १९ हे पाचही १०.६१५ वर चालतात. शेवटच्या गटात मात्र या क्रिस्टलची पाळी येत नाही, २३ वा चॅनेल ३७.८५० वजा १०.५९५ असा बनतो. मी वहीत ही वजाबाकी मांडली आणि २३ का चालू आहे ते कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला. सेट अजून उघडलाही नव्हता आणि दोषी क्रिस्टल माहीत झालं होतं.

उलट सलग चार चॅनेल, समजा ५ ते ८, बोलायला आणि ऐकायलाही बंद पडले तर मोठं क्रिस्टल बघायचं. ज्यांच्या सेटमध्ये आकडे वेगळे असतील त्यांनी क्रिस्टलवरचा छापील आकडा वाचून आपला तक्ता बनवावा, पद्धत तीच.

आधी चॅनेलच्या स्विचवर क्लीनर मारून तो वीसेक वेळा फिरवला, कारण स्विचचा घाण झालेला पॉइंटही असाच नमुना दाखवू शकतो. फरक पडला नाही. मग सोल्डरची बाजू उन्हात धरून भिंगातून पाहिली. १०.६१५ च्या एका पायाभोवती केसाएवढी गोल भेग होती. जुनं सोल्डर ओढून घेतलं, नवं दिलं. पाचही चॅनेल परत आले.

तपासणीसाठी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर हवेत न सोडता जिरवणारा भार, घरीच केला: २२० ओहमचे २ वॅटचे चार कार्बन रेझिस्टर समांतर, म्हणजे ५५ ओहम. वायरवाउंड रेझिस्टर नकोत, आत तारेची गुंडाळी असल्याने ते कॉइलसारखं वागतात. कॅरियर ४ वॅटचा असला तरी बोलण्याच्या टोकाला १६ वॅटपर्यंत जातो, म्हणून दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ बटन धरत नाही. अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय बटन कधीच दाबू नका. ट्रान्झिस्टर खरोखर जळतो तो तेव्हा.

बाकीचं थोडक्यात. मळ्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पॉवर कमी पडत होती. बटन दाबलेलं असताना सेटच्या टोकाशी व्होल्टेज मोजलं तर ११ च्या खाली, फ्यूजचं होल्डर गंजलेलं होतं. मे महिन्यात तिथलाच एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा) दीडवरून तीनवर गेला. दीडला ४ टक्के पॉवर परत येते, तीनला २५ टक्के. अँटेनाचा २५९ सेंटिमीटरचा दांडा खोलीच्या पत्र्यावर उभा आहे आणि पत्राच त्याची जमीन (ग्राउंड) आहे, त्याला जोडणारा बोल्ट गंजला होता. घासून, ग्रीस लावून परत आवळला. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर चढायचं ते सकाळी सातच्या आत.

आता पावसाळा लागलाय. ढग गडगडले की दोन्हीकडे अँटेनाची केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर सोडतो, मग तेवढा वेळ बोलणं बंद. घरचा सेट तडकलेल्या गाभ्यामुळे २.८ वॅटच देतो, मळ्यातला साडेतीन. साताठ किलोमीटरला तेवढं पुरतं, म्हणून ती कॉइल मी तशीच ठेवली आहे. याच बनावटीचा मेलेला एखादा सेट सुट्या भागांसाठी मिळाला तर तेवढा एक गाभा काढून बसवणार आहे.