ओपनझेडएफएस: डिस्कच्या शब्दावर न विसंबणारी फाइल सिस्टिम

व्हिडिओ संपादन हा माझा धंदा. कच्चं फुटेज वर्षानुवर्षं पडून असतं आणि ग्राहक ते कधी मागेल याचा नेम नसतो. म्हणून सगळी साठवण मी ओपनझेडएफएसवर, म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मुक्तस्रोत आवृत्तीवर ठेवतो, दोन डिस्कच्या मिररमध्ये: दोन्ही डिस्कवर तीच प्रत.

वेगासाठी ही घेऊ नका. हिचं मोल आहे ते चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, कुठे ठेवला जातो यात. हार्ड डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत (डिस्कवरचा छोटा कप्पा) आपला दुरुस्ती-कोड ठेवतेच. पण डिस्कने ‘लिहिलं’ असं सांगून प्रत्यक्षात काहीच लिहिलं नाही, तर तिथला जुना सेक्टर आपल्या जुन्या कोडशी तंतोतंत जुळतो. चोरानेच पंचनामा करावा, तसं. झेडएफएस ब्लॉकचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा चेकसम त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते, त्याचा त्याच्याही वर, असं थेट मुळापर्यंत. सन मायक्रोसिस्टम्सने २००५ मध्ये ती ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणली, तेव्हापासून रचना हीच.

स्क्रब, म्हणजे साठवलेला सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडून पाहणं, नियमित चालवा. न उघडलेल्या फाइलमधली खराबी त्याशिवाय कळत नाही. एका स्क्रबनंतर मला चुकांच्या अहवालात रीड आणि राइटच्या रकान्यांत शून्य दिसलं, सीकेसमच्या (चेकसम न जुळल्याच्या) रकान्यात मात्र आकडा. म्हणजे डिस्कने कुरकुर न करता चुकीचा डेटा हातात ठेवला होता. दुसऱ्या प्रतीवरून तो तोवर दुरुस्तही झाला होता. केबल बदलली, आकडा परत वाढला नाही. साध्या रेड-१ ला (दोन डिस्कवर तीच प्रत ठेवणारी नेहमीची पद्धत) दोन प्रती वेगळ्या आहेत एवढंच कळलं असतं. खरी कोणती, हे सांगायला तिच्याकडे काहीच नसतं.

एकच डिस्क असेल तर चूक सापडते, फाइलचं नावही कळतं, पण दुरुस्तीसाठी दुसरी प्रत आणायची कुठून? आधीपासून ‘कॉपीज’ (डेटाच्या किती प्रती ठेवायच्या ते सांगणारी सेटिंग) दोनवर ठेवलं असेल तरच.

चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट उलटला, तर चुकीच्या डेटावरच बरोबर असल्याचा शिक्का बसतो. त्यावर इलाज ईसीसी रॅमचा: ती सहसा एक बिट दुरुस्त करते, दोन बिघडले तर ओळखते. महाग आहे, पण मी घेतली.

माझी खरी चिडचिड लिनक्सवर होते. परवान्यामुळे झेडएफएस मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात नाही, वेगळं मॉड्यूल लागतं. नवा कर्नल आला की त्याला चालणारी झेडएफएसची आवृत्ती येईपर्यंत मी अपडेटला हात लावत नाही.