हातविणीचे लोकरी किल्ट होज : काही महिन्यांच्या वापरानंतर

किल्टखाली (स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्याखाली) घालायचे लांब लोकरी मोजे, म्हणजे किल्ट होज, यंत्रावर विणलेले घ्यावेत की हातविणीचे, असे स्कॉटलंडमध्ये नव्याने स्थायिक झालेले मराठी मित्र मला विचारतात. गेल्या हिवाळ्यापासून हातविणीची एकच जोडी लग्नसमारंभांत आणि एडिनबरातल्या कंट्री डान्सच्या, म्हणजे पारंपरिक स्कॉटिश समूहनृत्याच्या वर्गात सतत वापरल्यानंतर माझे उत्तर पक्के झाले आहे. मोजे पोटरीच्या मापाने विणून घेणार असाल आणि विरत चाललेली जागा वेळेवर रफू करणार असाल, तर हातविणीचेच घ्या. एवढे करायची तयारी नसेल तर यंत्रावर विणलेली स्वस्त जोडी पुरेशी आहे.

माप हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर येते आणि मोज्याची वरची दुमड गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर बसते. म्हणजे पोटरी पूर्णपणे मोज्यावरच शोभते किंवा बिघडते. दुकानातले मोजे पावलाच्या मापावर विकले जातात, त्यात पोटरीचा विचार नसतो, त्यामुळे ज्याची पोटरी बारीक त्याचे मोजे नाचताना घोट्याकडे घसरतात आणि ज्याची भरलेली त्याला ते काचतात. माझे मोजे विणणाऱ्या बाईंनी पोटरीचा सर्वांत जाड भाग, घोटा, पावलाची लांबी आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची अशी मापे घेतली, आणि मोजा पोटरीच्या घेरापेक्षा थोडा कमी विणला, कारण तो ताणला गेला तरच जागेवर राहतो. पूर्वी हे मोजे टार्टनचे, म्हणजे स्कॉटिश चौकटींचे कापड कापून शिवत. तेव्हाही कापडाला ताण यावा म्हणून ते तिरके कापावे लागे. विणीत तो ताण मुळातच असतो. पोटरीच्या मागे मधोमध वेणीच्या नक्षीची पट्टी ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना टाके कमी करत आणल्यामुळे घोट्यापाशी कुठेही चुणी पडत नाही. दुमडीचा भाग उलटा विणलेला असतो, म्हणजे दुमडल्यावर नक्षीची सुलट बाजू बाहेर येते, आणि तिच्याखाली फ्लॅशेसचे, म्हणजे दुमडीखालून डोकावणाऱ्या रंगीत फितींचे इलॅस्टिक लपते. माप नेमके असल्याने ते इलॅस्टिक मला सैलच बांधता येते. उजव्या मोज्यात खोचलेली स्किअन डू ही छोटी सुरीदेखील त्या घट्ट विणीत हलत नाही.

सुताबद्दल माझे मत ठाम आहे. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीच्या तंतूवरचे खवले क्लोरीनने झिजवून त्यावर राळेचा पातळ थर देतात. त्याने धुणे सोपे होते, पण अशी लोकर ओली झाली की लांबते, आणि उंच मोज्यात ते चांगलेच जाणवते. मी प्रक्रिया न केलेली शेव्हिएट मेंढीची लोकर निवडली. पहिले काही दिवस ती पोटरीला टोचली, आता टोचत नाही. टाच आणि चवड्याला लोकरीसोबत नायलॉनचा बारीक धागा घेतला आहे, आणि ते आवश्यकच आहे. नाचाच्या मऊ, पातळ तळव्याच्या बुटांत चवड्याखाली सतत घर्षण होते. समारंभाच्या गिली ब्रोग बुटांना जीभ नसते आणि नाड्या घोट्याभोवती गुंडाळतात, त्यामुळे तिथे पुढच्या बाजूला लोकरीच्या गुठळ्या येतात. त्या हाताने ओढू नयेत, कात्रीने अलगद कापाव्यात.

धुण्याविषयी पहिली गोष्ट म्हणजे कमी धुणे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही, आणि उघड्या हवेत रात्रभर पसरली की ते सोडून देते. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर मी मोजे फक्त वाऱ्यावर टाकतो. धुवायचे तेव्हा ३० अंशांच्या आतले पाणी घ्यावे, मोजे त्यात भिजत ठेवून हलके दाबावेत, चोळू नयेत; उष्णता, पाणी आणि घर्षण एकत्र आले की खवले एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा होतो आणि तो परत सुटत नाही. एन्झाइमयुक्त पावडर कटाक्षाने टाळावी, कारण प्रथिनांचे डाग काढणारे एन्झाइम लोकरीच्या केरॅटिन या प्रथिनावरही काम करतात. क्लोरीनच्या ब्लीचचे तर नावही नको. मी लोकरीसाठीचा सौम्य द्रव वापरतो, आणि गडद रंगाच्या मोज्यांना आपल्याकडे पैठणीला वापरतात तसे रिठ्याचे पाणीही मानवते. फिक्या मोज्यांवर मात्र त्याची छटा राहू शकते. नंतर न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि आडवे पसरून सुकवावे. ओला मोजा टांगला तर स्वतःच्या वजनाने लांबतो, आणि रेडिएटरवर टाकला तर कडक होतो.

उन्हाळ्यात मोजे ठेवून द्यायचे असतील तर कसरीची खरी भीती असते. तिच्या अळ्या घाम आणि मळ लागलेली लोकर आधी खातात, म्हणून मोजे धुऊनच ठेवावेत. आजीच्या ट्रंकेतले वेखंड मी सोबत ठेवतो, परंतु भरवसा त्यावर ठेवत नाही. शंका आल्यास मोजे हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावेत, त्याने अंडी आणि अळ्या मरतात.

आणि रफू. भोक पडण्याची वाट पाहू नये. मोजा हातावर चढवून उजेडासमोर धरला की विरळ झालेली जागा लगेच दिसते, आणि तिथल्या टाक्यांवरून त्याच सुताने टाके गिरवले तर बाहेरून कळतही नाही. यासाठी मोजे घेतानाच उरलेले सूत मागून घ्यावे, कारण रंगाची तीच खेप पुढे मिळेलच असे नाही. विणकाम वरून खाली करायलाही सांगावे. तळवा पूर्ण झिजला, तरी घोट्यापर्यंत उसवून फक्त पाऊल नव्याने विणता येते, आणि पोटरीचा सर्वांत कष्टाचा भाग जसाच्या तसा राहतो.