तेसेवचे दोन अहवाल, बेलापूरच्या टायपिंगच्या टेबलावरून

बेलापूरला कोकण भवनाच्या मागच्या बाजूला माझं टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, बाहेर गिऱ्हाइकाला बसायला दोन खुर्च्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसांची संमतीपत्रं, माहितीच्या अधिकाराचे अर्ज, बावीस वर्षं हेच लिहून देतोय. येणारी माणसं बहुतेक नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या पंच्याण्णव गावांतलीच. उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, गव्हाण, करावे. मी स्वतःही त्यातलाच, माझ्या आजोबांची भातशेती संपादनात गेली.

मुलगी वकिलीच्या चौथ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या कामासाठी तिने एक जाडजूड इंग्रजी अहवाल माझ्या प्रिंटरवर लावला आणि क्लासला निघून गेली. पानं निघत होती, मी गठ्ठा सरळ करत होतो. मधल्या एका पानावर नजर गेली. गाव सोडावं लागलेल्या लोकांकडे घराच्या मालकीचे कागदच नाहीत, मग नुकसानभरपाईच्या अर्जाला ते जोडणार काय, असा तिथला विषय होता. मी खुर्ची ओढली आणि वाचायला बसलो. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना थांबावं लागलं.

अहवाल तुर्कस्तानचा. लिहिणारी संस्था तेसेव, म्हणजे तुर्कस्तानातली आर्थिक आणि सामाजिक अभ्यास संस्था. इस्तंबूलची. १९९४ सालची, पण तिचं मूळ १९६१ मध्ये नेजात एजाजबाशी या उद्योगपतीने सुरू केलेल्या अभ्यासमंडळात आहे. कायद्याने ती 'वाकिफ' आहे. आपल्याकडच्या 'वक्फ'चंच ते तुर्की रूप, पण तिथे कुठल्याही विश्वस्त संस्थेला हा शब्द चालतो. सरकारचं खातं नाही, पक्षाची शाखा नाही. सरकारी धोरणांचा अभ्यास करायचा आणि जे सापडेल ते छापायचं, हे तिचं काम.

मी नीट वाचला तो अहवाल सक्तीच्या स्थलांतरावरचा. तुर्की पुस्तक २००६ चं, इंग्रजी २००७ चं. त्याआधी जून २००६ मध्ये नॉर्वेच्या निर्वासित परिषदेच्या विस्थापनविषयक केंद्राबरोबर काढलेला एक छोटा अहवालही आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारण 'अविश्वासाचा वारसा ओलांडताना' असा. तो आधी वाचावा. आकाराने आटोपशीर आहे, भाषाही सोपी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. तुर्कस्तानच्या पूर्व आणि आग्नेय भागात, कुर्दी वस्तीच्या मुलखात, सैन्य आणि पीकेके ही कुर्दी सशस्त्र संघटना यांच्या लढाईत १९८७ ते २००२ आणीबाणीची राजवट होती. नव्वदीच्या दशकात गावंच्या गावं रिकामी करवली गेली. कित्येक ठिकाणी कारण एवढंच, की गावकऱ्यांनी सरकारी बंदूक घेऊन 'ग्रामरक्षक' व्हायला नकार दिला. काही गावं पीकेकेच्या धाकाने ओस पडली. लोक दियारबाकीर, बातमान, इस्तंबूल असे शहराकडे गेले आणि तिथल्या वस्त्यांत राहिले.

आता आकडे बघा. १९९८ च्या संसदीय समितीच्या अहवालात विस्थापितांची संख्या ३,७८,३३५ दिलेली आहे. ९०५ गावं आणि २,५२३ पाडे. शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला वाटावा असा आकडा. पुढे हाजेतेपे विद्यापीठाने सरकारच्याच नियोजन संस्थेसाठी पाहणी केली, तिचा निष्कर्ष २००६ मध्ये आला: साडेनऊ लाख ते बारा लाख. म्हणजे अडीच-तीन पट. आकड्यांतली ही दरी काय सांगते, तेही तेसेवच्या अभ्यासातून कळतं. गाव 'रिकामं केलं' असं कागदावर नसेल, तर तिथून गेलेला माणूस सरकारी हिशेबात येतच नाही. मला हे समजायला पुस्तक लागत नाही. माझ्याकडे मिठागरावर राबलेल्या माणसांच्या विधवा येतात. मिठागर दुसऱ्याच्या नावावर, शेती नाही, सातबारा नाही. भूसंपादनाच्या कागदांत त्या बाईचा उल्लेख कुठेच नसतो.

एक मात्र स्पष्ट करतो. त्यांचं आणि आपलं दुःख एका मापाचं नाही. तिथे घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. इथेही रक्त सांडलं आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानफाट्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या त्या लढ्यातूनच साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. तरी तुलना करायची ती दुःखाची नको. तुलना करायची ती कागदाची. माणूस आपलं गेलेलं घर सरकारपुढे कसं सिद्ध करतो, त्याची.

अहवालाचा गाभा तोच आहे, आणि तो फार चांगला उतरला आहे. तुन्जेली प्रांतातल्या होझात तालुक्यातल्या बोयदाश गावचे लोक ऑक्टोबर १९९४ मध्ये गावातून काढले गेले. ते स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले आणि जून २००४ मध्ये जिंकले. पुढच्याच महिन्यात तुर्कस्तानने भरपाईचा कायदा केला, क्रमांक ५२३३. मग जानेवारी २००६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की आता देशातच चांगला कायदा आहे, आधी तिथे जा. रांगेतल्या तशाच सुमारे दीड हजार अर्जांचा रस्ता त्या एका निकालाने बंद झाला.

तेसेवचा छोटा अहवाल येतो तो याच्या पाचच महिन्यांनी. कायदा कागदावर चांगला, ठीक. पण जिल्ह्याच्या टेबलावर काय चाललंय? तेसेवची माणसं तिथे जाऊन बसली. भरपाई ठरवणाऱ्या आयोगात सात जण. अध्यक्ष उपराज्यपाल, म्हणजे आपल्याकडचे अपर जिल्हाधिकारी धरा. अर्थ, बांधकाम, शेती, आरोग्य, उद्योग या खात्यांचे पाच अधिकारी, आणि बार असोसिएशनचा एक वकील. ज्या सरकारच्या यंत्रणेने गाव रिकामं केलं, त्याच सरकारचे सहा लोक नुकसान मोजणार. कायद्याच्या नावातच 'दहशतवाद आणि त्याविरुद्धच्या लढ्यातून झालेलं नुकसान' असे शब्द आहेत. गाव कोणी रिकामं करवलं, हा प्रश्न विचारायची गरजच पडू नये, असं ते नाव आहे. मनस्तापाची भरपाई नाही. घर, जमीन, गुरं, झाडं यांचा पैसा आणि जमिनीवर जाता न आल्याचं नुकसान, एवढंच. रक्कम मान्य असेल तर अर्जदाराने 'सुल्हनामे'वर, म्हणजे समझोत्याच्या कागदावर, सही करायची, नसेल तर कोर्टात जायचं. पंधरा वर्षं थांबलेला माणूस कोर्टात जाईल की सही करेल, हे माझ्या बाहेरच्या खुर्च्यांवर बसणारं कोणीही सांगेल.

तिथे जमिनीच्या मालकीपत्राला 'तापू' म्हणतात. डोंगरातल्या बऱ्याच घरांना तो नव्हताच. बापाने बांधलं, मुलगा राहिला, सगळ्या गावाला माहीत. हे वाचताना मला आमच्या गावठाणातली, कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेली 'गरजेपोटीची' घरं दिसत होती.

या संस्थेचं मला सगळ्यात पटलं ते तिचं मनुष्यबळ. पाच लेखक, पाच विषय. दिलेक कुर्बान कायद्याच्या, आयशे बेतुल चेलिक राज्यशास्त्राच्या, देनिझ युकसेकेर समाजशास्त्राच्या, तुर्गाय उनालान लोकसंख्याशास्त्राचे, आणि तामेर आकेर मानसोपचाराचे. विस्थापनाच्या अभ्यासात मनाचा डॉक्टर असावा, हे आपल्याकडे अजून कोणाला सुचलेलं मी पाहिलं नाही. आपल्याकडे समितीत मोजणीदार असतो, मूल्यांकन करणारा असतो. झोप न लागणाऱ्या माणसाला कोण विचारतो? माझ्याकडे एक काका येतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी गाव हललं, त्यांना बावीस पूर्णांक पाच टक्क्यांचा भूखंड मिळाला, पैसेही मिळाले. तरी दर दोन महिन्यांनी येऊन तोच अर्ज पुन्हा टाईप करून नेतात. अर्जात मागणी काहीच नाही. घर कुठे होतं, विहीर कुठे होती, एवढंच लिहिलेलं. आधी मला त्यांचा कंटाळा यायचा. मानसोपचाराचं प्रकरण वाचल्यापासून मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही आणि घाईही करत नाही.

दुसरा अहवाल मुलीच्या आग्रहाने वाचला, त्यावर थोडक्यातच लिहितो. अली चारकोअलू आणि बिन्नाझ तोप्राक यांची धर्म, समाज आणि राजकारण यांवरची पाहणी, १९९९ ची आणि पुन्हा २००६ ची. तेव्हा तुर्कस्तानात सगळीकडे बोललं जायचं की डोकं झाकणाऱ्या बायका वाढल्या. लोकांना विचारलं तर ६४ टक्के म्हणाले, हो, वाढल्या. पण बायकांनाच विचारलं तेव्हा डोकं न झाकणाऱ्यांचं प्रमाण २७.३ वरून ३६.५ टक्क्यांवर गेलेलं निघालं. धर्मशास्त्राचं राज्य हवं म्हणणारे २१ टक्क्यांवरून ९ वर आले. त्यावर तिथे मोठा गदारोळ झाला. मला यातलं एकच आवडलं: तेच प्रश्न सात वर्षांनी परत विचारले. एकदा पाहणी करून फाइल बंद केली नाही.

आता जे खटकलं ते. मोठ्या अहवालाचं इंग्रजी जड आहे. एकेक वाक्य चार-पाच ओळींचं. तळटीपा इतक्या, की मोबाईलवर वाचताना मूळ मजकूर हरवतो. प्रिंट काढूनच वाचावा. विस्थापितांचे स्वतःचे शब्द येतात, पण मला ते कमीच पडले. एखाद्या बाईचं पाच ओळींचं बोलणं येतं आणि लगेच विश्लेषण सुरू. त्या बाईला अजून बोलू द्यायला हवं होतं. शिफारशींचा भाग वाजवी आहे, पण बाकीच्या पुस्तकाइतका जिवंत नाही. आणि अलीकडे संस्थेचा भर शहरं, स्थानिक कारभार, शाश्वत विकास यांवर गेला आहे. तीही कामं महत्त्वाचीच. पण विस्थापनावरच्या या कामाचा तिसरा, चौथा भाग यावा असं मला मनापासून वाटतं. भरपाईचा कायदा लागू होऊन आता वीस वर्षं उलटली. सुल्हनाम्यावर सही केलेल्या माणसाची मुलं आज कुठे आहेत, हे त्याच माणसांनी जाऊन विचारावं.

आम्हाला मिळालेलं पीडीएफ फुकट होतं. प्रिंटला मात्र माझी दीड रिम गेली, कारण मी स्वतःसाठी दुसरी प्रत काढली आणि स्पायरल करून ठेवली. वकिलीच्या मुलांनी वाचावा, प्रकल्पग्रस्तांच्या समित्यांतल्या तरुणांनी वाचावा. भूसंपादनाच्या खात्यात नवीन लागलेल्या मुलामुलींनी तर पहिल्याच वर्षी वाचावा. इंग्रजी नको वाटत असेल तर दुकानात या. ज्या पानांवर पेन्सिलने खुणा केल्या आहेत, ती मी मराठीत सांगतो. संध्याकाळी सहानंतर गर्दी नसते.

आता शेवटचं, म्हणजे या वाचनाने माझ्या कामात काय बदललं ते.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या. सोबत नातू, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. एका कार्यालयाने अर्ज परत केला होता. कारण, नवऱ्याचं नाव एका कागदावर 'बाळाराम' आणि दुसऱ्यावर 'बाळ्या'. पूर्वी मी नावाच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करून दिलं असतं आणि पुढच्या माणसाला बोलावलं असतं. ते केलंच. पण या वेळी आजींना विचारलं, घरात काय काय होतं? त्या म्हणाल्या, "दादा, कागद नाय, पन घर व्हता ना!" आणि सांगायला लागल्या. पडवीत भाताची कणगी. मागे दोन आंबे, एक रायवळ, एक त्यांच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. चिंच सामाईक. जाळी सुकवायची काठी कुठे बांधलेली. खाडीचं पाणी भरतीला कुठल्या पायरीपर्यंत यायचं.

मी सगळं टाईप केलं, त्या जसं बोलल्या तसं, शुद्ध न करता. दीड पान झालं. शेजारच्या घरातले दोघे हयात आहेत, त्यांची नावं साक्षीदार म्हणून खाली घातली. नातू म्हणाला, "हे कोण वाचणार, काका?" मी त्या दीड पानावर 'परिशिष्ट अ' लिहिलं, अर्जाला टाचणी लावली आणि आवक-जावक टेबलावर पोच घ्यायला विसरू नको असं त्याला दोनदा सांगितलं. आजींनी प्रत्येक पानावर अंगठा दिला. शाईचा डबा कोरडा पडत आला होता, तेव्हा लग्नाच्या आंब्याचा मजकूर असलेल्या पानावरचा ठसा जरा फिकट उठला. ते पान त्यांनी परत मागून घेतलं आणि ठसा पुन्हा नीट उठवला.