रूह केवडा: आठ महिने वापरल्यावर

गेल्या गणपतीच्या आधी रूह केवड्याची, म्हणजे केवड्याच्या निव्वळ तेलाची, 3 मिलीची कुपी मागवली होती, ती आता तळाला आली आहे. अंगाला, कपाटात, आईच्या गुडघ्यांना, सगळीकडे वापरून झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

कोकणात आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये केवड्याची पात असायची. वाळून पार कागदासारखी व्हायची, तरी ट्रंक उघडली की खोलीभर वास. सणाला ताजी पात दुमडून ती आमच्या वेणीत माळायची. पुण्यात गणपतीच्या दिवसांत मंडईत कणीस मिळतं, पण तो वास चार दिवसांचा. मला तो वर्षभर हवा होता.

पहिली खरेदी फसली. एका दुकानातून ‘असली केवडा’ म्हणून 10 मिलीची बाटली दोनशे रुपयांना आणली. झाकण काढताच नाकात भिनणारा गोडसर भपकारा. मानेला लावलं, तर तासाभरात लाल चट्टे उठले. कागदावर टाकलेल्या थेंबाचा तेलकट डाग आठवड्यानंतरही तसाच होता. केवड्याच्या तेलात साधारण 65 ते 80 टक्के एकच घटक असतो, फिनाइल एथिल मिथाइल ईथर. तो कारखान्यात स्वस्तात बनतो, त्यामुळे नक्कल करणं सोपं. त्यात अत्तराचा आधार असणाऱ्या चंदनाच्या तेलाऐवजी लिक्विड पॅराफिन, म्हणजे बिनवासाचं खनिज तेल, घातलं की झालं ‘अत्तर’.

मग थेट ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा माल शोधला. छत्रपूर, गोपाळपूरच्या किनारपट्टीवर वाळूत, शेतांच्या बांधांवर केवड्याची बनं आहेत आणि देशातला बहुतेक केवडा तिथूनच येतो. गंजामच्या रूह केवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. सुगंध फक्त नर झाडाच्या कणसाला असतो. मादी झाडाला अननसासारखं फळ धरतं, त्याला हा वास नाही. पावसाळ्यात पहाटे कणसं काढायची आणि वास उडायच्या आत तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्याबरोबर चढवायची. देगेचं तोंड मातीनं लिंपतात, वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात चंदनाचं तेल असेल तर अत्तर होतं, नुसतं पाणी असेल तर केवडा जल, आणि पाण्यापासून वेगळं काढलेलं निव्वळ तेल म्हणजे रूह. सगळ्यात महाग तीच. इतक्या कणसांमधून इतकंसं तेल निघतं हे कळल्यावर मला किंमत खटकली नाही. शिवाय 2013 च्या ऑक्टोबरात फायलिन चक्रीवादळ गोपाळपूरजवळच धडकलं होतं, तेव्हा या बनांचंही नुकसान झालं. वाळू धरून ठेवणारी झाडं आहेत ती, टिकायला हवीत.

आता प्रत्यक्ष वापर. रूहचा वास आधी हिरवा, तीक्ष्ण, ओल्या पातीसारखा येतो, मग हळूहळू मधाकडे झुकतो. नकलेत हा हिरवेपणा मला कुठेच सापडला नाही. कागदावरचा थेंब मागे डाग न ठेवता उडून गेला. अंगावर मात्र दोन-तीन तासच टिकते. दिवसभर दरवळ हवा असेल त्यांनी चंदनावरचं अत्तर घ्यावं. मी एक थेंब दोन चमचे बदामतेलात मिसळून लावते. चट्टे उठल्यापासून निव्वळ तेल अंगाला लावत नाही. खरी मजा सुती कापडावर. कापसाच्या बोळ्याला एक थेंब लावून तो कपाटात ठेवला, तर साड्यांना दीड महिना वास होता.

आयुर्वेदात केवडा म्हणजे केतकी. तिळाच्या तेलात कणसं मुरवून ते तेल डोकेदुखीला आणि सांध्यांना चोळण्याची जुनी पद्धत आहे. त्या धर्तीवर तिळाच्या कोमट तेलात रूहचे दोन थेंब घालून आईच्या गुडघ्यांना महिनाभर चोळलं. तिला बरं वाटायचं, झोप शांत लागायची. दुखणं होतं तितकंच राहिलं आणि डॉक्टरांच्या गोळ्याही चालूच राहिल्या. माझं कामाच्या ताणानं जड झालेलं डोकं या वासानं हलकं होतं. अर्धशिशीत मात्र चुकूनही हुंगू नये. मी एकदा हुंगलं आणि उलटी झाली.

स्वयंपाकात ही कुपी वापरू नका. बासुंदीला किंवा बिर्याणीला खाण्याचं केवडा जल वेगळं मिळतं, अर्धा चमचा पुरतं. आणि केवडा शंकराला चालत नाही. ब्रह्मदेवासाठी केतकीनं खोटी साक्ष दिली, म्हणून शंकरानं तिला पूजेतून वर्ज्य केलं, अशी कथा आहे. महाशिवरात्रीला आईनं देव्हाऱ्याजवळची कुपी आठवणीनं उचलायला लावली.

तळाशी जेमतेम चार-पाच थेंब उरलेत. झाकण सैल करून कुपी आजीच्या ट्रंकेत, तिच्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवली आहे. पावसाळ्यातला नवा माल निघाला की 5 मिली पाठवा, असं गंजामला सांगून ठेवलंय.