कोच ठेवायचा की बदलायचा? हरणाऱ्या कॉलेज फुटबॉल संघापुढचे दोन रस्ते

गेल्या महिन्यात माझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून एक प्रश्नावली आली. अमेरिकन फुटबॉलच्या निधीला वर्गणी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पहिलाच प्रश्न होता: हेड कोचना आणखी एक वर्ष द्यावं का? संघ बारापैकी तीन सामने जिंकला आहे, त्याआधीच्या वर्षीही तीनच. अकरा वर्षं मी सीझन तिकीट घेतोय, नोव्हेंबरच्या गारठ्यात शेवटच्या क्वार्टरपर्यंत बसतोय, तरी उत्तर लिहायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत जे ताडून पाहिलं ते इथे मांडतो. पुण्या-मुंबईहून एमएसला गेलेली आपली मुलं पहिल्याच सप्टेंबरात या खेळाच्या नादी लागतात, आणि पुढे कधीतरी हा वाद त्यांच्याही विद्यापीठात येतोच.

कॉलेजच्या संघात हेड कोचचं काम मैदानापुरतं नसतं. शाळेत खेळणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन, आईवडिलांशी बोलून तो त्यांना विद्यापीठात आणतो. सगळे सहायक तोच नेमतो. अनेक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वांत मोठा पगार त्याचाच असतो. तो गेला की अख्खं बिऱ्हाड हलतं.

ठेवला तर

ठेवण्याच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण फ्रँक बीमर यांचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. व्हर्जिनिया टेकमध्ये ते १९८७ मध्ये आले. स्वतः तिथेच शिकलेले, तिथेच खेळलेले. आधीच्या कारकिर्दीतल्या नियमभंगाची शिक्षा म्हणून शिष्यवृत्त्या कापलेल्या होत्या. पहिल्या वर्षी २ विजय, दुसऱ्या वर्षी ३. मग संघ जरा सावरला आणि १९९२ मध्ये पुन्हा कोसळला: २ विजय, ८ पराभव, १ बरोबरी. सहा वर्षांची गोळाबेरीज २४ विजय आणि ४० पराभव. आजच्या दिवसांत एवढ्यावर कोणी टिकणार नाही. विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख (ॲथलेटिक डायरेक्टर) डेव्ह ब्रेन यांनी त्यांना ठेवलं, पण सहायकांची फळी बदलायला लावली. पुढच्या वर्षी ९ विजय मिळाले, आणि १९९३ ते २०१५ अशी सलग २३ वर्षं संघ हंगामाअखेर चांगल्या संघांना मिळणाऱ्या ‘बाउल’ सामन्यात खेळला. १९९९ च्या हंगामात तर तो राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘धीर धरला म्हणून फळ मिळालं’ एवढ्यावर थांबतात. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग सहायकांचा आहे. वर्षानुवर्षं सोबत काम केलेल्या माणसांना बाजूला करणं कोणत्याही कोचला जड जातं. बीमर यांनी ते केलं.

मिशिगनचे जिम हार्बो हे याच जातीचं अलीकडचं उदाहरण. २०२० च्या कोविडकाळातल्या तुटक हंगामात २ विजय आणि ४ पराभव. जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने त्यांचा करार वाढवला, पण मूळ पगार साधारण निम्म्यावर आणला. हार्बो यांनी डिफेन्स कोऑर्डिनेटर, म्हणजे बचाव सांभाळणारा मुख्य सहायक, बदलला आणि बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघातून तरुण माइक मॅक्डोनाल्डना आणलं. त्याच वर्षी त्यांनी कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला ४२-२७ असं हरवलं, आणि २०२३ मध्ये १५-० (१५ विजय, एकही पराभव नाही) करत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या यशावर प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याच्या चौकशीची सावली पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी संघ सुधारला होता हेही खरं.

आता याच्याच शेजारी नेब्रास्काचे स्कॉट फ्रॉस्ट ठेवून पाहा. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू), घरचा मुलगा, सेंट्रल फ्लोरिडाला १३-० करून परत आलेला. २०२१ मध्ये त्यांचा संघ ३ सामने जिंकला, ९ हरला, आणि नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. ‘एवढं थोडक्यात हरतोय, म्हणजे जवळ आलोय’ असं सगळ्यांना वाटत होतं. विद्यापीठानेही मिशिगनसारखंच केलं: पगार कापला, ऑफेन्सचे (आक्रमणाचे) चार सहायक गेले, कोच राहिला. पुढच्या सप्टेंबरात जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२ अशी हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्टना काढलं. करार मोडल्याची भरपाई १ ऑक्टोबरला १.५ कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. तेवढे तीन आठवडेही विद्यापीठ थांबलं नाही.

उपाय तोच, मग निकाल वेगळा का? मला दिसतो तो फरक आधीच्या वर्षांत आहे. २०२० च्या आधी मिशिगनमध्ये हार्बो ४७ सामने जिंकले होते आणि १८ हरले होते. चांगला संघ कसा दिसतो हे त्यांनी त्याच मैदानावर दाखवलं होतं. फ्रॉस्ट यांना नेब्रास्कात चार वर्षांत एकदाही पराभवांपेक्षा जास्त विजय मिळाले नव्हते. थोडक्यात झालेले पराभव काळजाला फार लागतात, आणि म्हणूनच आपल्याला फसवतातही. माजी विद्यार्थ्यांच्या गप्पांत ‘दोन सामने इकडचे तिकडे झाले असते तर’ हे वाक्य आलं की मी आता सावध होतो.

सहायक बदलले की सगळं ठीक होतं असंही नाही. फ्लोरिडा स्टेटचे माइक नॉर्व्हेल २०२३ मध्ये साखळीत एकही सामना हरले नाहीत आणि २०२४ मध्ये २-१० वर आले. दोन्ही कोऑर्डिनेटर बदलले, २०२५ ची सुरुवात अलाबामाला हरवून केली, आणि हंगाम संपला ५-७ वर. त्यांना काढायचं तर ५ कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली असती. त्यांना आणखी एक वर्ष मिळालं.

बदलला तर

इंडियानाचं उदाहरण पाहिलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो वरच्या श्रेणीच्या इतिहासात सर्वाधिक सामने हरलेला संघ होता. टॉम ॲलन यांची शेवटची तीन वर्षं २, ४ आणि ३ विजयांची. त्यांना काढण्यासाठी दीड कोटी डॉलरच्या वर खर्च आला, आणि चार दिवसांत जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे कोच कर्ट सिग्नेटी आले. वय ६२. त्याआधी तीन ठिकाणी हेड कोच म्हणून काम केलेलं. येताना कोऑर्डिनेटर आणले, जुन्या संघातले डझनभर खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आणले. पहिल्याच वर्षी ११-२ आणि प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी), दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद.

आणि आता ऑबर्न. गस मॅल्झान तिथे आठ वर्षं होते, ६८ विजय आणि ३५ पराभव. एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त नव्हते. पण सतत विजेतेपदं जिंकणाऱ्या अलाबामा विद्यापीठाच्या शेजारी राहून तेवढ्यावर कोणाचं समाधान होत नव्हतं. १३ डिसेंबर २०२० ला त्यांना २ कोटी डॉलरच्या वर भरपाई देऊन काढलं. शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठाशी करारावर सह्या करण्याचा दिवस तीन दिवसांवर होता. नवा कोच २२ तारखेला ठरला. तोवर ज्या मुलांनी शब्द दिला होता त्यांनी कोणाकडे बघून सही करायची? ब्रायन हार्सिन दोन वर्षंही टिकले नाहीत, त्यांच्यानंतरच्या ह्यू फ्रीझना नोव्हेंबर २०२५ मध्ये काढलं. दोघांनाही भरपाई मिळाली. २०२१ ते २०२५ या पाचही हंगामांत पराभवच जास्त. हार्सिन आणि फ्रीझ दोघेही अनुभवी होते, दुसरीकडे जिंकलेले होते.

तीन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० या काळातल्या कोचबदलांचा अभ्यास केला होता. अगदी तळाच्या संघांनी कोच बदलला काय आणि न बदलला काय, पुढच्या वर्षांत फारसा फरक पडला नाही. मधल्या, साधारण निम्मे सामने जिंकणाऱ्या संघांनी बदलला तेव्हा मात्र ते, न बदललेल्या तशाच संघांपेक्षा मागे पडले. ऑबर्न तर मध्याच्याही वर होतं. नेब्रास्कानेही २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांना आणि २०१४ मध्ये बो पेलिनी यांना ९ विजयांच्या वर्षी काढलं. ९ विजयांचा कंटाळा येऊ शकतो हे मी आज ३ विजयांवर बसून वाचतो तेव्हा गलबलून येतं.

तो अभ्यास पोर्टलच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलता येतो. कोच गेला की त्याच्या खेळाडूंना जाण्यासाठी वेगळी मुदत मिळते. त्यामुळे बदल आता पूर्वीपेक्षा लवकर फळतो, आणि लवकर उद्ध्वस्तही करतो. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढताना ७.५ कोटी डॉलरच्या वर देणं पत्करलं. तेवढी ऐपत फार थोड्यांची आहे, आणि २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना उत्पन्नातला थेट वाटा देऊ लागल्यामुळे त्याच तिजोरीला दुसरं तोंड फुटलंय.

माझ्या विद्यापीठाबद्दल

आमच्या कोचना चार वर्षं झाली. सर्वांत चांगल्या वर्षी ५ विजय. म्हणजे हार्बो यांच्यासारखा आधार नाही. बीमर यांच्यासारखी सहायक बदलण्याची तयारी असती तरी मी थांबलो असतो, कारण माणूस कष्टाळू आहे आणि मुलं त्याला मानतात. ऑक्टोबरातल्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत मी उभा राहून विचारलं, ‘ऑफेन्सचे डाव तुम्ही स्वतः ठरवता, ते पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे द्याल का?’ त्यांनी सरळ सांगितलं, नाही. सहायकही हेच राहतील. ते त्यांच्या माणसांच्या मागे उभे राहिले याचा मला आदर वाटला, पण पुढच्या वर्षी वेगळं काय होणार याचं उत्तर मिळालं नाही.

मी ‘बदला’समोर खूण केली. खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, की काढायच्या आधी आणायच्या नावांची यादी हातात असू द्या आणि डिसेंबरातल्या सह्यांच्या आत निर्णय संपवा; ते जमणार नसेल तर यंदा थांबा. नव्या करारात भरपाईची रक्कम दरवर्षी उतरती ठेवा. वर्गणी यंदाही तेवढीच पाठवली आहे, आणि सप्टेंबरची तिकिटंही काढून ठेवली आहेत.