लोन मंजूर झाल्याचं पत्र आलं आणि आमचे साडेएकवीस हजार गेले

अमळनेरला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आमचे हे जिनिंगमध्ये कामाला आणि मी घरी ब्लाऊज शिवते. २०२५ च्या पावसाळ्यात मोठ्या मुलीचा कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेरीतून पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. पेढे वाटायच्या आधी आम्ही हिशेबाला बसलो. होस्टेल, मेस, लॅपटॉप आणि तेही चार वर्षं. हे म्हणाले, लोन काढू. पुढे जे झालं ते सगळं लिहिते आहे, कारण आमच्यासारखी घरं धुळ्याला, शिरपूरला, चोपड्याला गल्लोगल्ली आहेत.

आधी आम्ही बँकेतच गेलो होतो. काउंटरवरून सांगितलं, "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या." सीट पक्की करायला चार दिवस उरले होते. परत येताना स्टँडजवळ बोर्ड दिसला, शैक्षणिक कर्ज सात दिवसांत. आत तिशीतला मुलगा, टेबलावर फायलींची चळत. "या माय, बसा," म्हणाला. पाणी दिलं. मुलीला विचारलं, "ताई, किती टक्के पडले?" बँकेत आम्हाला कोणी बसा म्हटलं नव्हतं. आमचा विश्वास तिथेच बसला.

त्या दिवशी २,५०० रुपये फाईल चार्ज म्हणून रोख घेतले. पावती मागितली तर म्हणाला, काम झाल्यावर एकदमच देतो. उत्पन्नाचा ओरिजिनल दाखला, आम्हा तिघांच्या आधारच्या झेरॉक्स आणि यांच्या सहीचे दोन कोरे चेक ठेवून घेतले. दोन दिवसांनी मुलींच्या फी माफीचं काढलं. "ती फाईल मुंबईला लावावी लागते, वरपर्यंत द्यावं लागतं," म्हणून ७,००० घेतले. या सात हजारांचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. ही सवलत सरकारनेच २०२४-२५ पासून दिली आहे. कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आपला आपण भरायचा. आम्ही ओबीसी, यांचा पगार किती तो गल्लीला माहीत. जे हक्काचं होतं तेच त्याने आम्हाला विकलं.

मग मोबाइलवर पत्र आलं. वर बँकेचं चिन्ह, खाली गोल निळा शिक्का, मधे मुलीचं नाव आणि 'रु. ३,५०,००० मंजूर'. हे ड्युटीवरून आले तेव्हा मी दारातच दाखवलं. पत्रात शेवटी लिहिलं होतं की मार्जिन मनीचे, म्हणजे कर्जात आपण घालायच्या वाट्याचे, १२,००० त्याच दिवशी भरले नाहीत तर मंजुरी रद्द होईल. माझ्याकडे भिशीचे होते. खाली दिलेल्या खात्यावर मी फोनवरून पाठवले.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. तिसऱ्या दिवशी गेलो तर शटर खाली, बोर्ड काढलेला, भिंतीवर खिळे तेवढे राहिलेले. हे तिथेच पायरीवर बसले, म्हणाले, "हाई काय व्हयनं वं?" एवढंच. रस्ताभर बोलले नाहीत.

त्यानंतर मी चूक केली. लोक काय म्हणतील म्हणून नऊ दिवस कोणाला सांगितलं नाही. शेवटी पत्र घेऊन बँकेत गेले. रजेवरच्या साहेब म्हणजे एक मॅडमच निघाल्या. त्यांनी पेनाच्या टोकाने पत्रातला आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड मोजला. दहाच अक्षरं होती. खरा कोड अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार बँकेची आणि पाचवा कायम शून्य. खातं तर कुणा माणसाच्या नावाचं साधं बचत खातं होतं. मॅडम म्हणाल्या, "ताई, चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला मार्जिन लागतच नाही. आणि भारतात शिकायला आम्ही प्रोसेसिंग फी घेत नाही." साडेसात लाखांपर्यंत तारणही मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार असले की झालं. फीचे पैसेही बँक सरळ कॉलेजच्या खात्यावर पाठवते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मॅडमनीच लावायला लावला. ऑनलाइन पैसे गेले की तासाभरात या नंबरवर कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आमचे बारा हजार तोवर काढून घेतलेले होते. रोख दिलेल्यांचा पुरावाच नव्हता. पोलिसात लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत.

सीट मात्र राहिली. माझ्या भावाने कापसाच्या पैशातून उसने दिले. लोनचा अर्ज मुलीने सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर स्वतः भरला, माझ्या मशीनशेजारी बसून, एका संध्याकाळी. एकाच अर्जावर तीन बँका निवडता येतात, त्यामुळे एका काउंटरवरून परत पाठवलं तरी अडत नाही. कर्ज मंजूर झालं आणि त्यासाठी आम्हाला एक रुपयाही चार्ज पडला नाही. उत्पन्नाचा दाखला सेतूतून नव्याने काढला. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी स्टँडकडे वळलेच नसते. बँकेतल्या माणसांनाही माझं एवढंच मागणं आहे, की साहेब रजेवर असले तरी आलेल्या आईबापाला पोर्टलचं नाव एका कागदावर लिहून द्या.

ते दोन कोरे चेक अजून त्याच्याकडेच आहेत. त्यांचं पेमेंट आम्ही लेखी अर्ज देऊन थांबवलं आणि तिघांचे आधारचे ठसे लॉक केले. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मुलीने यांच्या नावाचा काढून पाहिला. दुसरं कुठलं कर्ज नव्हतं. आता माझ्या नावाचा काढायचा आहे.