नोव्हेंबरात ओतलेली वाट: टोरोंटोतल्या जुन्या घरमालकांसाठी

कॅनडात जुनं घर घेतलेल्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. दारासमोरची काँक्रीटची वाट बदलून देतो म्हणून एका माणसाने आमच्याकडून ६,००० डॉलर घेतले, आणि त्याने केलेलं काम एक हिवाळाही टिकलं नाही. ही फसवणूक हंगाम बघून केली जाते, हे आधी लक्षात घ्या. काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकायचं, मग बर्फ पडतो, वाट झाकली जाते, दोष दिसेपर्यंत मार्च उजाडतो आणि तोवर त्याचा फोन बंद झालेला असतो.

आमचं घर ईस्ट यॉर्कमधलं, १९५१ सालचं विटांचं बंगलो. रस्त्यापासून दारापर्यंत साधारण नऊ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद वाट, बहुधा घराइतकीच जुनी. वरचे पापुद्रे मिठाने उडालेले, खडी उघडी पडलेली, मधली एक लादी उचललेली. मुख्य म्हणजे सगळी वाट घराकडे झुकलेली, त्यामुळे बर्फ वितळला की पाणी भिंतीकडे यायचं आणि बेसमेंटच्या कोपऱ्यात ओल धरायची. आई सांगलीहून आमच्याकडे राहायला येणार होती, तिच्या हातात काठी असते, म्हणून २०२२च्या हिवाळ्याआधी हे काम व्हावं अशी आमची इच्छा होती. दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळ्यांचे आकडे ६,००० ते ७,००० डॉलरच्या मधले, आणि तारीख पुढच्या मे महिन्याची.

आई आल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एकाने दार वाजवलं. वागायला अतिशय सभ्य, बुटांवर सिमेंट, बाहेर ट्रक. म्हणाला, "मागच्या गल्लीत काम चालू आहे, माणसं आणि मशीन इथेच आहेत, म्हणून ४,८०० मध्ये करून देतो. मेपर्यंत थांबलात तर ही उचललेली लादी कुणाला तरी पाडेल." आकडा फार स्वस्त नव्हता, आणि म्हणूनच खरा वाटत होता. त्याने कागदही दिला. त्यावर लिहिलं होतं: जुनी वाट काढणे, खाली खडीचा थर, १० सेंटिमीटर जाडीचं ३२ एमपीएचं (मेगापास्कल, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचं माप) काँक्रीट. निम्मी रक्कम, २,४०० डॉलर, इंटरॅक ई-ट्रान्सफरने आगाऊ. उरलेले रोख द्या, म्हणजे १३ टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) लावत नाही, असंही म्हणाला.

काम सुरू झालं त्या दिवशी आम्ही दोघंही ऑफिसात होतो. दुपारी आईचा फोन आला. "अगं, हे लोक जुनं काढतच नाहीयेत. दारापुढचा एवढासा तुकडा फोडला आणि बाकी सगळ्यावर वरूनच कोबा करतायत." मी लगेच त्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "जुनं काँक्रीट जागच्या जागी फोडून दाबलंय, त्याचाच पाया होतो, इथे असंच करतात." वर आणखी एक सांगितलं: दारापाशी माती मऊ लागली, भरावासाठी १,२०० डॉलर जास्त लागतील, नाहीतर आजच्या आज सामान उचलतो. दारापुढे खड्डा, घरात सत्तरी ओलांडलेली आई, रात्री पारा शून्याखाली जाणार. अशा वेळी माणूस पैसे देतो, आणि ती वेळ त्यानेच आणली होती. तो तुकडा आधी फोडण्याचं कारण तेच.

आपल्याकडे जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून इथल्या मराठी घरांत हा खुलासा सहज पटतो. सांगली-पुण्यात जमीन गोठत नाही. टोरोंटोत जमीन सुमारे १.२ मीटर खोलपर्यंत गोठू शकते आणि हिवाळाभर तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं. पाणी गोठताना त्याचं आकारमान ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं. जुन्या आणि नव्या थराच्या मधे पाणी शिरलं की ते गोठून वरचा पातळ थर उचलतं, सोडतं, पुन्हा उचलतं. त्यावर उपाय म्हणून इथल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे ठेवतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते. मीठ आणि हिम दोन्ही सोसणाऱ्या कामासाठी कॅनडाच्या मानकात सी-२ हा वर्ग आहे: किमान ३२ एमपीए, पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि नेहमीच्या खडीसाठी ५ ते ८ टक्के हवा. आमच्या कागदावर ३२ एमपीए होतं. हवेबद्दल चकार शब्द नव्हता.

थंडीचा मुद्दा वेगळाच. बाहेरचं तापमान ५ अंशांवर किंवा खाली आलं, किंवा चोवीस तासांत येणार असेल, तर ताज्या काँक्रीटला ऊब धरणारी ब्लँकेटं घालून राखावं लागतं. पुरेशी ताकद येण्याआधी ते एकदा गोठलं की कायमचं कमजोर होतं. आमच्या वाटेवर त्याने पातळ प्लास्टिक टाकलं आणि चार विटा ठेवल्या. पृष्ठभाग घोटताना बादलीतून पाणी शिंपडून रंधा फिरवत होते, हेही आईने खिडकीतून पाहिलं होतं. त्याने वरचा थर गुळगुळीत दिसतो आणि तोच सगळ्यात आधी सुटतो.

दुसऱ्या दिवशी वाट दिसायला सुंदर होती. पहिली खोड आईच्या पायाला कळली. वाट चार सेंटिमीटरने वर आल्यामुळे सगळ्यात खालची पायरी बुटकी झाली होती, बाकीच्या होत्या तशाच. उतरताना प्रत्येक वेळी तिचा पाय अपेक्षेपेक्षा आधी टेकायचा आणि झटका बसायचा. ज्या पायऱ्यांची उंची सारखी नसते तिथे धडधाकट माणूसही ठेचकाळतो. मग बर्फ पडला.

मार्चमध्ये बर्फ हटल्यावर पापुद्रे फावड्याबरोबर निघायला लागले. आम्ही त्या वाटेवर मीठ टाकलं नव्हतं, नुसती वाळू टाकत होतो. एप्रिलमध्ये शेजारचे आजोबा आले. इटलीहून तरुणपणी आलेले, आयुष्यभर याच शहरात काँक्रीटची कामं केलेली. त्यांनी हातोडीच्या दांड्याने वाटेवर ठोकत दारापासून रस्त्यापर्यंत फेरी मारली. जवळजवळ सगळीकडे पोकळ, ढब ढब आवाज. त्यांनीच विचारलं, पिशव्या किती आणल्या होत्या? रिकाम्या पिशव्या तो गॅरेजमागे टाकून गेला होता. तिथून काढून मोजल्या: ३१, प्रत्येकी ३० किलोची. अशा एका पिशवीतून जवळपास १४ लिटर काँक्रीट होतं. म्हणजे एकूण ४३४ लिटर, आणि आमची वाट १०.८ चौरस मीटर. भागाकार केला की ४ सेंटिमीटर येतात. १० सेंटिमीटरसाठी पंचाहत्तरहून जास्त पिशव्या लागल्या असत्या. पिशवीवर हवा मिसळल्याचा उल्लेखही नव्हता. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो, कारण काँक्रीटबद्दल काही न कळणारा माणूसही पिशव्या मोजू शकतो, आणि तेही काम चालू असतानाच.

आता कायद्याचं. ऑंटारिओत २०१८च्या १ मार्चपासून दारोदार विक्रीवर बंदी आहे असं इथे बरेच जण मानतात. ती बंदी घर तापवायची भट्टी, एसी, पाण्याचे फिल्टर, डक्टची सफाई अशा ठराविक गोष्टींवर आहे, काँक्रीटच्या कामावर नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो: घरी येऊन केलेला ५० डॉलरपेक्षा जास्तीचा करार लेखी प्रत मिळाल्यापासून १० दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. करारात कायद्याने सांगितलेला तपशील नसेल तर ही मुदत एक वर्षाची होते. आणि लेखी अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून जास्त रक्कम, तुम्ही नव्या रकमेला संमती दिल्याशिवाय, मागता येत नाही. आमच्या कागदावर पत्ता नव्हता, सुरू-संपायची तारीख नव्हती, रद्द करण्याच्या हक्काची सूचना नव्हती. व्यवसायाचं नाव ऑंटारिओच्या बिझनेस रजिस्ट्रीत शोधलं तर असा व्यवसायच नव्हता. टोरोंटो शहराचा परवानाही त्या नावावर नव्हता.

दावा लावायला खरं नाव लागतं, आणि ते मिळालं ई-ट्रान्सफरमुळे. त्याच्या खात्याला ऑटोडिपॉझिट (आलेले पैसे आपोआप जमा होण्याची सोय) होतं, त्यामुळे पैसे पाठवताना खातेदाराचं नाव स्क्रीनवर आलं होतं आणि मी स्क्रीनशॉट ठेवला होता. रोख दिलेल्या ३,६०० ची मात्र पावती नाही. "एचएसटी वाचतो" म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात पुरावा पुसला जातो. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे रक्कम उलटवायची मागणी तरी करता आली असती. एकदा जमा झालेली ई-ट्रान्सफर परत फिरत नाही. स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं न्यायालय) तेव्हा ३५,००० डॉलरपर्यंतचे दावे चालत. करार, पिशव्यांचे फोटो, वाट फोडताना टेप धरून काढलेले जाडीचे फोटो जोडले. बचाव दाखल करायला २० दिवस असतात, तो आला नाही, निकाल आमच्या बाजूने लागला. पैसे अजून एक डॉलरही मिळालेले नाहीत. निकाल मिळवणं आणि वसुली होणं या इथे दोन वेगळ्या लढाया आहेत.

वाट त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांकडून नव्याने करून घेतली, ७,२०० अधिक एचएसटी. त्यांनी आधी ऑंटारिओ वन कॉलला कळवून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करवून घेतल्या. ही सेवा फुकट आहे आणि खोदण्याआधी ती घ्यावीच लागते. आमच्या आधीच्या माणसाने हे नावालाही काढलं नव्हतं. दोन्ही थर उखडून खाली वीस सेंटिमीटर खडी, दोन थरांत धुम्मस करून. काँक्रीट तयार मिश्रणाच्या ट्रकमधून आलं आणि त्याच्या डिलिव्हरी पावतीवर सी-२ आणि हवेची टक्केवारी छापलेली होती. ती पावती मागून घ्या. उतार घरापासून दूर, मीटरला दोन सेंटिमीटर. दर १.२ मीटरवर सांधा, भिंतीलगत फोमची पट्टी, आणि मग आठवडाभर ओलं ठेवणं, आपल्याकडे पाणी मारतात तसंच. १९५०च्या दशकाच्या मध्याआधीचं घर असेल तर खोदकाम चालू असतानाच पाण्याची जोडणी शिशाच्या नळाची आहे का तेही बघून घ्या. खाजगी बाजूचा नळ तुम्ही बदलत असाल तर शहर स्वतःच्या बाजूचा बदलतं.

गेल्या शरदात आमच्याच गल्लीत पुन्हा कुणीतरी "मटेरियल उरलंय" म्हणत फिरत होतं, म्हणून हे आत्ता, ऑक्टोबर लागायच्या आत लिहितेय. ज्यांचं काम असं झालंय त्यांनी वाट फोडायच्या आधी उताराचे आणि फोडताना जाडीचे फोटो काढा, पिशव्या सापडल्या तर टाकू नका, आणि दोष लक्षात आल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावा. दाव्याचा फॉर्म ७ए भरताना अडलात तर मला कळवा, आमचा भरलेला फॉर्म समोर ठेवून बसू.